राजीखुशी, अक्कलहुशारी आणि कात्री

खरेदीखतातले जोडशब्द काढून टाका, अशी मागणी हल्ली काही वकील मंडळी आणि सोप्या मराठीचे कैवारी एका सुरात करतात. युक्तिवाद ठरलेला असतो. ‘कब्जा-वहिवाट’ म्हणजे ताबाच ना, मग ‘ताबा’ लिहा. ‘हक्क-हितसंबंध’ म्हणजे हक्क. ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’ म्हणजे स्वेच्छेने. एका अर्थाला एक शब्द ठेवला की दस्त निम्म्यावर येईल आणि शेतकऱ्याला कळेल. शेवटी हमखास इतिहासाची एक पुडी सोडली जाते, की हे सगळं इंग्रजांकडून आलं. त्यांच्याकडे ‘विल अँड टेस्टामेंट’, ‘गुड्स अँड चॅटल्स’, ‘नल अँड व्हॉइड’. आपल्या कारकुनांनी त्यांची री ओढली.

यातला इतिहास चुकीचा आहे आणि कायदा अर्धवट आहे. शेतकऱ्याचं म्हणाल, तर त्याच्या नावाने हे बोलणाऱ्यांनी मेहकर किंवा मलकापूरच्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर अर्जनविसाच्या टेबलाशी अर्धा तास बसून पाहावं. दस्त वाचून दाखवताना वावर विकणारा माणूस कुठे मान डोलावतो आणि कुठे ‘थांबा’ म्हणतो, ते तिथे दिसतं.

आधी इंग्लंड, कारण खापर त्याच्यावर फोडलं जातं. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने ते राज्य जिंकलं. पुढे राजदरबारी आणि न्यायालयात फ्रेंच बसली, अभिलेख लॅटिनमध्ये राहिले, गावं इंग्रजी बोलत राहिली. १३६२ च्या कायद्याने न्यायालयातले युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असं ठरवलं, आणि तो कायदाच फ्रेंचमध्ये लिहिला होता. न्यायालयाच्या कागदांतून परक्या भाषा कायमच्या जायला १७३३ उजाडलं. अशा देशात ‘गुड्स’ हा गावचा शब्द आणि ‘चॅटल्स’ हा फ्रेंचांकडचा शब्द शेजारी शेजारी बसले, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच गोष्ट कळावी, ही उपपत्ती सगळीकडे सांगतात. ती ऐकायला गोड आहे, पण पुरी पडत नाही. ‘सॅक अँड सोक, टोल अँड टीम’ ही जमीनदारी अधिकारांची साखळी विल्यम येण्याआधीच्या राजांच्या आज्ञापत्रांतच आहे, आणि ते सारे शब्द तेव्हाच्या इंग्रजीतले आहेत. ‘हॅव अँड होल्ड’ मधले दोन्ही शब्दही इंग्रजीच. उलट ‘नल अँड व्हॉइड’ मधले दोन्ही फ्रेंच-लॅटिनच्या वाटेने आलेले. म्हणजे दोन भाषांची गाठ हे एक कारण झालं. कानाला धरणारी लय हे दुसरं आणि अर्थाचा बारीक फरक हे तिसरं.

तो फरक ‘विल अँड टेस्टामेंट’ मध्येही होता. जमीन मृत्युपत्राने देण्याची मुभा इंग्लंडच्या कायद्याने दिली ती १५४० साली. जंगम मालाच्या मृत्युपत्रांचा कारभार त्याआधीपासून धर्मन्यायालयांकडे होता आणि तो १८५७ पर्यंत तिथेच राहिला. दोन खिडक्यांवर दोन नावांनी चालणारं काम एका कागदावर आलं तेव्हा दोन्ही नावं आली. ‘चॅटल्स’ मध्ये भाडेपट्ट्याचा हक्क मोडतो, ‘गुड्स’ मध्ये मोडत नाही. डेव्हिड मेलिन्कॉफ या अमेरिकी प्राध्यापकाने १९६३ साली ‘द लँग्वेज ऑफ द लॉ’ या जाड ग्रंथात असल्या जोड्यांची भरपूर खिल्ली उडवली. त्याचा राग समजण्यासारखा आहे. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत वकिलाचं बिल दस्ताच्या लांबीवर निघे, त्यामुळे शब्द वाढवण्यात पैसा होता. आपल्याकडे मुद्रांक शुल्क लागतं ते व्यवहाराच्या किमतीवर आणि अर्जनवीस लिहिणावळ घेतो ती दस्तामागे. एक ‘व’ आणि एक शब्द जास्त लिहून त्याच्या पदरात दमडी पडत नाही. मेलिन्कॉफचा राग जसाच्या तसा उचलून बुलढाण्यात आणणं, हीच खरी इंग्रजीची नक्कल.

आता वऱ्हाड. मराठी दस्तातली जोडी इंग्रजांनी आणली म्हणणाऱ्यांनी निदान चम्मकचा ताम्रपट आठवावा. अचलपूरजवळच्या या गावी सापडलेला वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचा हा दानलेख पाचव्या शतकातला. गाव दान देताना त्यात ‘सनिधि’ आणि लगेच ‘सोपनिधि’ येतं, ‘क्लृप्त’ आणि लगेच ‘उपक्लृप्त’ येतं. म्हणजे पुरलेलं धन आणि ठेव, ठरीव कर आणि वरकड कर. शेवटी ‘पुत्रपौत्रानुगामि’ आहेच. आणि दोन भाषांचा दस्तही आमच्या शेजारीच सापडतो. वाशीमला मिळालेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा व्यवहारी मजकूर प्राकृतात. नॉर्मंडीच्या विल्यमला तेव्हा सहा-सातशे वर्षं अवकाश होता.

पुढे फारसी आली. इमादशाही, निजामशाही आणि १५९६ मध्ये मोगल. ‘ऐन-ए-अकबरी’ त मेहकर ही वऱ्हाड सुभ्याची एक सरकार आहे. १७२४ साली साखरखेर्ड्याच्या मैदानात निजाम-उल-मुल्कने मुबारिजखानाला मारलं आणि हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया घातला. ते मैदान आज सिंदखेड राजा तालुक्यात आहे. १८५३ ला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झालं, तोवर इथल्या देशमुख-देशपांड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एका हाताने फारसी शिक्का झेलला आणि दुसऱ्या हाताने मोडी लिहिली. मराठी इनामपत्रांतला साचा पाहा. ‘कुलबाब कुलकानू’ फारसीतून, त्याला लागून ‘जल तरु तृण काष्ठ पाषाण निधिनिक्षेप’ संस्कृतातून. वारसांसाठी ‘पुत्रपौत्रादि’ आणि ‘औलाद अफलाद’ दोन्ही चालत. एक शब्द सुभेदाराच्या कारकुनाला बांधतो, दुसरा गोतसभेला. उद्या दोघांपैकी कोणीही ‘हे आमच्या भाषेत नव्हतं’ असं म्हणायची सोय ठेवलेली नाही.

सुनीतिकुमार चटर्जींनी १९३० च्या दशकात भारतीय भाषांमधल्या अशा अनुवाद-समासांकडे लक्ष वेधलं होतं. एक घटक एका भाषेतला, दुसरा त्याच अर्थाचा दुसऱ्या भाषेतला. मराठीत त्यांचा बाजार भरला आहे आणि ‘बाजारहाट’ हा त्यातलाच एक. कागदपत्र, धनदौलत, बळजबरी, मानमरातब, रीतिरिवाज. यातल्या एकालाही आपण जोड म्हणून ओळखत नाही, इतके ते अंगवळणी पडले आहेत. आणि एका अर्थाला एक शब्द हवा असणाऱ्यांनी ‘मालमत्ता’ या शब्दाचं काय करायचं ठरवलंय? ‘माल’ अरबी, ‘मताअ’ ही अरबी, अर्थ जवळपास एकच. इंग्रजांच्या ‘गुड्स अँड चॅटल्स’ ची सख्खी बहीण आहे ती. कात्री चालवायची तर पहिला घाव तिच्यावर बसतो. मग ‘मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२’ हे नावसुद्धा निम्मं करावं लागेल.

इंग्रजीतून आलेली एक जोडी मात्र महाराष्ट्रात घरोघर पोचली आहे, ‘लिव्ह अँड लायसन्स’. खोली भाड्याने देणारा, घेणारा, मधला दलाल, सगळे हाच शब्द वापरतात. ‘लिव्ह’ चा अर्थ इथे परवानगी, ‘लायसन्स’ चाही परवानगी. बुलढाण्यात शिकायला आलेल्या पोराला त्यातला ‘लिव्ह’ म्हणजे ‘अकरा महिन्यांनी सोडून जा’ असं वाटतं, आणि व्यवहारात त्याचं फारसं चुकतही नाही.

जोड्या परक्या नाहीत एवढ्याने त्या कामाच्या ठरत नाहीत, हे मान्य. म्हणून दस्त उघडू. नेहमीच्या खरेदीखताच्या शेवटच्या परिच्छेदात असतं, की हे खरेदीखत मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणतेही नशापाणी न करता, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहून दिले. सुधारकांचा सगळ्यात जास्त हशा याच ओळीवर असतो. त्यांनी भारतीय करार अधिनियम, १८७२ शेजारी ठेवावा. कलम १३ आणि १४ संमतीबद्दल आहेत. ती जबरदस्तीने, गैरवाजवी दबावाने, फसवून मिळवलेली नसावी. ती राजीखुशी. कलम १२ वेगळंच विचारतं, की करार करताना माणसाला त्याचा अर्थ आणि आपलं हित समजण्याइतकी शुद्ध होती का. ती अक्कलहुशारी. त्याच कलमाखालच्या एका उदाहरणात तापाने भ्रमिष्ट झालेला आणि दारूने अर्थ न समजण्याइतका झिंगलेला माणूस आहे, म्हणजे नशापाणी. (तापाचा उल्लेख आमच्या दस्तात नसतो, बहुधा तापलेला माणूस निबंधकाच्या जिन्यापर्यंत पोचत नाही.) मनापासून राजी असलेला माणूस वेडा असू शकतो आणि पूर्ण शुद्धीतला माणूस पुतण्याच्या धाकाखाली असू शकतो. ‘स्वेच्छेने’ हा एकटा शब्द यातला एकच प्रश्न विचारतो.

असं लिहिल्याने काही सिद्ध होत नाही, हेही खरं. न्यायालय या ओळीवर डोळे मिटून विसंबत नाही. पण ती ओळ मोठ्याने वाचली जाते, लिहून देणाऱ्यासमोर आणि दोन साक्षीदारांसमोर. उद्या साक्षीदाराला पिंजऱ्यात विचारतील तेव्हा त्याला एक नाही, दोन गोष्टी आठवाव्या लागतील. आणि शुद्धीकरणवाल्यांचे नवे नमुने पाहिलेत का? ‘स्वेच्छेने व स्वयंप्रेरणेने’. फारसी गेली आणि जोडी राहिली. फक्त आता दोन्ही शब्द एकच सांगतात. काम करणारी जोडी काढून बिनकामाची बसवली.

‘कब्जा-वहिवाट’ घ्या. शेत माझ्या कब्जात असेल आणि वाहत दुसराच असेल, बटईने किंवा ठोक्याने. वऱ्हाडात निम्मी भांडणं याच फटीतून वर येतात. खरेदी झाली, पैसे दिले, पण सोयाबीन उभं आहे ठोकेदाराचं. आपला सातबारासुद्धा हाच फरक पोटात घेऊन बसला आहे. गाव नमुना सात सांगतो जमीन कोणाच्या नावे, गाव नमुना बारा सांगतो तीत काय पिकतं. बारा कशाला, सातच ठेवा, असं अजून तरी कोणी म्हटलेलं नाही. वाटेची वहिवाट तर आणखी निराळी. दुसऱ्याच्या जमिनीवर मालक असल्यासारखा उघड कब्जा ठेवला तर मुदतीच्या कायद्यात १२ वर्षांचा हिशेब लागतो. धुऱ्यावरून गाडीबैल नेण्याची वहिवाट हक्क म्हणून सांगायची तर २० वर्षांचा. दोन शब्दांना दोन वेगळी घड्याळं आहेत. ‘ताबा’ या एका शब्दात दुसरं घड्याळ बसत नाही.

‘हक्क-हितसंबंध’ या जोडीलाही अशीच पोकळ म्हणतात. इसारपावती करून बयाणा दिलेल्या माणसाला विचारा. व्यवहार पुरा करून घेण्यासाठी दिवाणी न्यायालयात जाण्याचा हक्क त्याला आहे. पण मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम ५४ स्पष्ट म्हणतं, की नुसत्या विक्रीच्या करारामुळे मालमत्तेत हितसंबंध निर्माण होत नाही. म्हणजे हक्क आहे, हितसंबंध नाही. विकणारा जेव्हा ‘यावर कोणाचा हक्क, हितसंबंध, दावा, तकरार नाही’ असं लिहून देतो, तेव्हा तो आधीच्या इसारवाल्यालाही नाकारत असतो. पहिला शब्द उडवला की एक माणूस दस्तातून निसटतो. घेणाऱ्याला तो भेटतो थेट समन्सवर.

‘वाली-वारस’ या जोडीतले दोन्ही शब्द अरबी, म्हणून दोन भाषांची उपपत्ती इथे थकते. वारस म्हणजे ज्याच्याकडे मिळकत जाणार तो. वाली म्हणजे अज्ञानाच्या वतीने बोलणारा पालक. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे नैसर्गिक पालकाला न्यायालयाच्या परवानगीशिवाय अज्ञान मुलाची स्थावर मिळकत विकता येत नाही. नवरा गेलेली बाई दोन पोरांच्या हिश्शासकट वावर विकायला येते, तेव्हा कोणी तिथे वारस म्हणून उभं असतं आणि कोणी वाली म्हणून. ती स्वतः दोन्ही असते. दस्ताने हे वेगळं केलं नाही, तर पोरगा अठराचा झाल्यावर न्यायालय करतं.

आता विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा, जो ते बहुधा मांडतच नाहीत. त्याच १८८२ च्या अधिनियमाचं कलम ८ म्हणतं, की वेगळा उद्देश दिसत नसेल तर मालमत्तेबरोबर तिला जोडलेले सुविधाधिकार आणि जमिनीला जखडलेल्या वस्तू आपोआप जातात. मग ‘झाडझाडोरा, विहीरपाणी, वाटवहिवाट’ ही यादी कशाला? कायदा न बोलता सगळं देतोच आहे.

देतो, वेगळा उद्देश दिसत नसेल तर. समजा चिखलीकडचं दोन भावांचं वावर आहे. विहीर सामाईक, मोटर एकाची, पाण्याची पाळी ठरलेली: चार दिवस याचे, चार त्याचे. धाकटा आपला हिस्सा विकतो. दस्तात ‘विहिरीतील निम्मा हिस्सा’ आला पण ‘पाणी’ आलं नाही. नव्या मालकाला खड्डा मिळाला. पाळी मिळाली की नाही, यावर थोरला भाऊ रब्बीत मोटरची पेटी कुलूपबंद करतो. कलम ८ नव्या मालकाच्या बाजूने असेलही. ते त्याला दिवाणी न्यायालयात काही वर्षांनी कळेल; हरभरा त्याआधी वाळेल. कलम ८ न्यायाधीशाला ठाऊक आहे. दस्त वाचतात ते भाऊ, शेजारी आणि तलाठी. ‘विहीर व पाणी’ हे दोन शब्द त्यांच्यासाठी आहेत. म्हणूनच अर्जनवीस नुसतं ‘विहीर’ वाचून पुढे सरकला की म्हातारा विचारतो, “अन्‌ पाण्याचं काय?”

बरं, सगळ्याच जोड्या राखा असं माझं म्हणणं नाही. ‘निधी-निक्षेप’ आज खुशाल काढा. जुन्या खतावरून उतरवलेल्या दस्तांत तो अजून दिमाखात बसलेला दिसतो. पण १८७८ च्या निखात निधी अधिनियमानंतर जमिनीत सापडलेल्या धनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. विकणाऱ्याने ते परस्पर बहाल करण्याला अर्थ नाही. ‘पाषाण’ ही त्याच वाटेने जाऊ द्या, कारण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ ने खनिजं सरकारची केली आहेत, आणि मुरूम-दगडाचा परवाना खरेदीखतातून मिळत नसतो. प्रतिज्ञापत्रातलं ‘खरे व बरोबर’ हे इंग्रजीवरून उतरवलेलं आहे. एक शब्द उडाला तर कोणाचं काही जाणार नाही. प्रवरसेनाच्या काळापासूनचा शब्द असला तरी तो आज काय करतो, एवढंच विचारायचं.

आणि कात्री हातात घेतलीच आहे तर ती जिथे खरी गरज आहे तिथे नेतो का कोणी? बिल्डरांचे करारनामे वाचा. ‘यापुढे ज्यांचा उल्लेख ... असा करण्यात येईल, ज्या शब्दप्रयोगात संदर्भाशी वा अर्थाशी विसंगत नसल्यास त्यांचे वारस, मृत्युपत्र व्यवस्थापक, प्रशासक, असाइनीज...’ असं वाक्य पानाच्या माथ्यावर सुरू होतं आणि क्रियापद पुढच्या पानावर सापडतं. मध्ये ‘आणि/किंवा’ सात वेळा. यात एकही देशी जोडशब्द नाही. हे इंग्रजी वाक्य आहे, फक्त मराठी शब्द घालून बसवलेलं, आणि सदनिका घेणारा मास्तर ते न वाचता सही करतो. शेतकऱ्याच्या खरेदीखतातली वाक्यं त्या मानाने आखूड असतात, वाचून दाखवता येतात, आणि ‘तोशीस लागू देणार नाही’ ऐकून आजीलाही कळतं की झंझट निघाली तर निस्तरायची कोणी.

आदर्श नमुना करायचा असेल तर पुण्या-मुंबईच्या समितीआधी तो मेहकरच्या ओट्यावर नेऊन मोठ्याने वाचा, आधी दोन्ही शब्दांसकट, मग एक गाळून. ऐकणाऱ्यांत एक वावर विकणारा असू द्या, एक घेणारा, आणि शक्य झालं तर सामाईक विहीर असलेला एक थोरला भाऊ. तो गप्प राहिला तर शब्द खोडा.